घेवड्याचा वेल आणि ग्रेसचे गुण

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी ख्रिस्ती लोक मोक्षाला ‘तारण’ म्हणतात. आमच्या शिरोळ तालुक्यात हा शब्द देवळात फारसा ऐकू येत नाही. तो ऐकू येतो सोसायटीत, पतपेढीत आणि सराफाच्या दुकानात. तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला जिन्नस. आईच्या पाटल्या, नाहीतर आजीची बोरमाळ. बुडत्याला जे पार नेते ते तारण, आणि ज्याच्या आधारावर सावकाराचा पैसा बुडत नाही तेही तारण! भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे बसवले ते भाषाशास्त्राच्या सरांना विचारावे लागेल. परंतु ख्रिस्ती धर्मात दोन हजार वर्षे चाललेला एक मोठा वाद नेमका ह्या दोन अर्थांच्या मध्ये उभा आहे. माणसाच्या डोक्यावर पापाचे कर्ज आहे हे सर्वांना मान्य. प्रश्न एवढाच की, तारण कोणी ठेवायचे? आपले आपण, की आपल्यासाठी दुसऱ्या कोणीतरी?

हा वाद दूरदेशीचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे काही वाचकांना वाटेल. तसे वाटू नये म्हणूनच हा लेख लिहीत आहे. वाडीत जन्मलेल्या माणसाला ‘कृपा’ आणि ‘सेवा’ हे दोन शब्द कृष्णेच्या पाण्याबरोबरच मिळतात. प्रदक्षिणा किती घातल्या, पारायणे किती झाली, अनुष्ठान किती दिवसांचे धरले, हे मोजणारी माणसे आमच्या घाटावर रोज दिसतात; आणि तीच माणसे संध्याकाळी टेंबेस्वामींची करुणात्रिपदी म्हणताना, आमच्या हातून काही झाले नाही, तूच सांभाळ, अशी आळवणी करतात. एकाच दिवसात एकच माणूस हिशेबही मांडतो आणि हिशेबाची वही फाडून टाक असेही म्हणतो. ह्यात ढोंग नाही. पण विचार करण्यासारखे काहीतरी निश्चित आहे.

प्रथम ख्रिस्ती लोकांचे भांडण काय, ते थोडक्यात पाहू. पौल नावाच्या प्रेषिताने आपल्या पत्रांतून सांगितले की तारण विश्वासाने आणि देवाच्या कृपेने मिळते. ते कर्माने कमावता येत नाही, नाहीतर जो तो बढाई मारील. त्याच बायबलात याकोबाचे एक लहानसे पत्र आहे. त्यात म्हटले आहे की कर्मावाचून असलेला विश्वास मेलेला आहे. भुकेल्याला ‘सुखी राहा’ असे नुसते म्हणून त्याचे पोट भरत नाही. झाले! एकाच ग्रंथाच्या दोन पानांवर दोन पक्ष उभे राहिले. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचा संन्यासी रोमच्या धर्मपीठाविरुद्ध उभा ठाकला, तेव्हा त्याने पौलाचा पक्ष घेतला. १५२२ मध्ये बायबलाचा जर्मन अनुवाद करताना पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द त्याने आपल्या पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला तर चक्क गवताची उपमा दिली. ह्यावर रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले. कृपा आधी येते, तिच्यावाचून कोणीही तरत नाही, परंतु माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते, असा त्या उत्तराचा आशय होता. ह्या एका मुद्द्यावर युरोपात किती रक्त सांडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथी आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या आणि ह्या प्रश्नावर आमचा मूलभूत वाद उरलेला नाही असे जाहीर केले. साडेचार शतकांहून अधिक काळ! आपल्या खेड्यातल्या बांधाच्या दाव्याला लागणारा वेळ त्यामानाने क्षुल्लकच म्हणायचा.

ह्या भांडणात उशिरा उतरलेला एक पक्ष म्हणजे मॉर्मन. ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतात जोसेफ स्मिथ याने हा पंथ स्थापन केला. बायबलाच्या जोडीला ‘मॉर्मनचा ग्रंथ’ ते प्रमाण मानतात. त्या ग्रंथात तारणाबद्दल एक वचन आहे, त्याचा आशय असा की, आपल्याला जे जे करता येईल ते सर्व केल्यानंतर आपण कृपेने तरतो. बाकीचे ख्रिस्ती ह्या ‘नंतर’ शब्दावर तुटून पडतात. त्यांचे म्हणणे, कृपा जर शेवटी येणार असेल तर ती कृपा कसली? ती मजुरीच झाली. मॉर्मनांमध्येही ह्या शब्दाचा काथ्याकूट चालूच असतो. २०१५ मध्ये त्यांच्या ज्येष्ठ नेत्यांपैकी उक्टडॉर्फ यांनी आपल्या भाषणात खुलासा केला की, ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे. एका शब्दयोगी अव्ययावर लाखो लोकांचा परलोक लटकलेला असू शकतो.

ह्या सर्व मतांतला फरक मला आमच्या परीक्षेच्या भाषेत अधिक नीट कळला. थोड्या गुणांनी कोणी हुकला तर विद्यापीठ त्याला ‘ग्रेस’चे गुण देते, हे वाचकांपैकी काहींना तरी स्वानुभवाने ठाऊक असेल. (कोण ते विचारत नाही.) मॉर्मनांची कृपा बरीचशी अशी आहे: जमेल तेवढा पेपर प्रामाणिकपणे लिहा, उरलेले गुण वरून मिळतील. शिवाय त्यांच्या परलोकात सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या तेजाप्रमाणे तीन श्रेणी आहेत. म्हणजे बहुतेक सर्वजण पास होतात. मात्र पहिला वर्ग मिळवायचा तर बाप्तिस्मा, मंदिरातले विधी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि कडक आचार हे सर्व हवे. त्या आचारात दारू, तंबाखू यांच्याबरोबर चहा आणि कॉफीदेखील वर्ज्य आहे, त्यामुळे आमच्या कँटीनमधून त्या पहिल्या वर्गात कोणी जाईल अशी आशा नको. कॅथलिक म्हणतात, अभ्यास करावासा वाटला हीच मुळात कृपा. पण लेखणी तुझी तुलाच चालवली पाहिजे. आणि ल्यूथर काय म्हणतो? तो म्हणतो, सर्वांचेच पेपर कोरे आहेत. पैकीच्या पैकी लिहिणारा एकच झाला आणि त्याचे गुण तुझ्या नावापुढे मांडले आहेत, एवढे तू खरे मान. हुशार विद्यार्थ्याला हे ऐकून संताप येतो. मला प्रथम तसाच आला होता.

मॉर्मनांचा आणि आपला संबंध अगदीच नाही असे मात्र समजू नये. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याने पुण्यातही काम केले. फारसे कोणी हाती लागले नाही आणि काही वर्षांतच ती मंडळी परत गेली. योगायोग असा की त्याच १८५२ साली रॉयल वाइल्डर हे दुसऱ्या पंथाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांचे काम मात्र टिकले. एकाच वर्षी, एकाच येशूच्या नावाने आलेली ही माणसे एकमेकांना ख्रिस्तीसुद्धा मानायला तयार नव्हती! आजही तो दुरावा पुरता गेलेला नाही. २००१ मध्ये रोमच्या धर्मपीठाने मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे ठरवले.

मॉर्मनांची एक गोष्ट मात्र वाडीच्या माणसाला चटकन कळावी. ते मेलेल्यांसाठीही बाप्तिस्मा घेतात. ज्या पूर्वजांना हा धर्म भेटलाच नाही, त्यांच्या नावाने वंशज पाण्यात बुडी मारतो आणि त्या पूर्वजाला परलोकात स्वीकार-नकाराची संधी मिळते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पितरांच्या नावाने पाण्यात उभी राहिलेली माणसे पाहत मी वाढले. मेलेल्याला आता स्वतः काही करता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने जिवंताने करावे, ही कल्पना मला परकी वाटत नाही. त्यांच्याकडे पुरुषासाठी पुरुष आणि स्त्रीसाठी स्त्री पाण्यात उतरते. म्हणजे पणजीसाठी पणतीने उतरायचे. आमच्याकडे पणजीसाठीही पणतूच लागतो.

आता आपल्या घरात डोकावू. दक्षिणेत रामानुजांच्या अनुयायांत ह्याच प्रश्नावरून दोन तट पडले. एक म्हणतो, भक्त माकडिणीच्या पिलासारखा असावा; आई उडी मारते, पण तिला घट्ट धरून राहण्याचे काम पिलाचे. दुसरा म्हणतो, भक्त मांजरीचे पिलू आहे. आई त्याला तोंडात धरून नेते, पिलाने फक्त धडपड करू नये. हे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सापडतात. पण मला त्याहून अधिक काही गुरुचरित्रात सापडते, कारण तिथे न्याय नाहीत, गोष्टी आहेत.

परंपरेप्रमाणे श्रीनृसिंहसरस्वतींचा मुक्काम वाडीत बारा वर्षे होता. ह्याच परिसरातली, अमरापूरची ती गोष्ट. एक दरिद्री ब्राह्मण. भिक्षा मिळाली तर जेवायचा, नाही मिळाली तर दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर दिवस काढायचा. महाराज त्याच्या घरी भिक्षेला आले. बाईने घेवड्याची भाजी करून वाढली. महाराज तृप्त झाले आणि जाताना तो वेलच त्यांनी उपटून टाकला. बाई रडू लागली. नवऱ्याने तिला प्रारब्धाचे चार शब्द सांगितले आणि वेलाचे मूळ खणायला गेला, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. ही गोष्ट पारायणात ऐकताना सर्वांचे लक्ष कुंभाकडे असते. माझे लक्ष वेलाकडे असते. त्या घराने काय कर्म केले होते? भाजी वाढली, बस्स. कुंभ काही भाजीची किंमत नव्हे. आणि कृपा आली ती हातात काही देत आली नाही; होते ते उपटत आली. ल्यूथर हेच म्हणतो की! ज्या आधारावर माणूस जगतो आहे, तो आधार आधी जातो.

दुसरी गोष्ट गाणगापूरची. एका शेतकऱ्याची ज्वारी अजून पिकायची होती. महाराजांनी त्याला सांगितले, आम्ही परत येईपर्यंत सगळे पीक कापून टाक. बायकामुलांनी अडवले, लोकांनी वेड्यात काढले, तरी त्याने कापले. पुढे अवकाळी पावसाने गावाची शेती गेली आणि ह्याच्या खुंटांतून मात्र नवे फुटवे येऊन अनेक पटींनी धान्य झाले. इथे नुसता विश्वास ठेवून भागले नसते; विळा चालवावा लागला. याकोबाने ही गोष्ट ऐकली असती तर आपल्या पत्रात घातली असती. आणि तिसरी, नरहरी नावाच्या कुष्ठ झालेल्या ब्राह्मणाची. त्याला वाळलेले औदुंबराचे लाकूड रोवून रोज पाणी घालायला सांगितले होते. लोक हसत होते आणि तो घालत होता. लाकूड पाण्याने फुटत नाही हे काय त्याला कळत नव्हते? ते शेवटी फुटले आणि तोही बरा झाला. पण त्याचे पाणी घालणे हे कर्म म्हणावे की विश्वास म्हणावे, हे कोणी शास्त्री मला समजावून देईल तर मी आभारी होईन. मला तरी त्या दोहोंमध्ये सुरी घालता येत नाही.

(जाता जाता: घेवड्याच्या गोष्टीत रडणारी बायकोच आणि ज्वारीच्या गोष्टीत विरोध करणारीही बायकोच. संध्याकाळी चूल तिलाच पेटवायची होती, हे सांगायला मात्र कोणी तयार नसते.)

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की, कृपा आणि कर्म दोन्ही हवीत, असे सांगून मी लेख आटोपता घेणार. तसे उत्तर देणे सोपे आहे आणि निबंधाच्या पेपरात त्याला गुणही मिळतात. पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. कृपा श्रेष्ठ की कर्म श्रेष्ठ, असा वाद घालणारे सर्व पंडित एक गोष्ट गृहीत धरून बसतात. ती म्हणजे, कर्म करण्याची मुभा सर्वांना आहे. ती सर्वांना कधी होती?

उदाहरण कोल्हापुरातलेच घेऊ. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी पुरोहिताने वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले, कारण त्याच्या मते महाराज शूद्र होते. त्यातून वेदोक्त प्रकरण पेटले. जी पंचगंगा पुढे वाहत आमच्या संगमाला येते, तिच्याच काठावर हे घडले. राज्याच्या धन्याला जिथे पाहिजे ते कर्म पाहिजे त्या मंत्राने करता येत नव्हते, तिथे इतरांची काय कथा! ‘कर्म करा आणि तरा’ असे सांगणाऱ्याने आधी हे सांगितले पाहिजे की, कर्माच्या दारावर कुलूप कोणी लावले आहे आणि किल्ली कोणाकडे आहे.

मॉर्मनांची गोष्ट वेगळी नाही. श्रेष्ठ तारणासाठी मंदिरातले विधी आवश्यक आहेत असे ते शिकवत, आणि त्याच वेळी कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद देत नसत, कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातले ते विधीही करू देत नसत. ही बंदी उठली जून १९७८ मध्ये. जे केल्यावाचून चालत नाही तेच करायला मनाई! असा पेपर, की ज्याला बसू दिले जात नाही आणि न बसल्याबद्दल नापास केले जाते. याजकपद तर त्यांच्यात स्त्रियांना आजही नाही.

आणि आमच्याकडे? गुरुचरित्राची पोथी बायकांनी वाचू नये असे आमच्या भागात सांगतात. हल्ली काही स्त्रिया वाचतात, पण घरोघरी अजून तोच रिवाज आहे. दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरी सप्ताह बसतो. पोथी काका वाचतात. काकांची शाळा चौथीत सुटली, त्यामुळे जोडाक्षराला ते अडखळतात. आई वाती वळत ऐकते आणि मी, ह्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, मराठी हा विशेष विषय घेतलेली, त्यांचे अडखळणे मनातल्या मनात दुरुस्त करीत बसते. काकांची श्रद्धा माझ्याहून मोठी आहे ह्यात मला शंका नाही. रागही नाही. पण पारायणाने पुण्य लाभते हे खरे असेल, तर आई आणि मी त्या पुण्याच्या बाहेर आहोत; आणि ते खरे नसेल, तर मग आम्हाला अडवता कशासाठी? ह्या प्रश्नाला कर्माच्या मार्गात उत्तर नाही. कृपेच्या मार्गात आहे. वाडीच्या देवळाला शिखर नाही. त्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, विजापूरच्या आदिलशहाच्या अंध मुलीला इथे दृष्टी आली म्हणून त्याने हे देऊळ बांधून दिले. इतिहासाला ती कितपत मान्य होईल हा भाग वेगळा. पण ज्या गावाने ती गोष्ट शेकडो वर्षे अभिमानाने सांगितली, त्या गावाला हे ठाऊक होते की, त्या मुलीने सोवळे नेसले नव्हते, पारायण केले नव्हते आणि तिला अधिकार आहे का, असे कोणी विचारले नव्हते.

ज्या बाईने हा सर्व हिशेब आपल्या आयुष्याने मांडून पाहिला, ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, लोकांचा रोष पत्करला. सारे कुटुंब देशभर पायी तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत हिंडले. स्नाने झाली, व्रते झाली, दाने झाली. जवळचे सर्व द्रव्य धर्मात गेले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. एवढे कर्म क्वचितच कोणी केले असेल! पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. पण शास्त्रे वाचत गेल्यावर त्यांना आढळले ते असे की, एरवी एकमेकांशी न पटणारी ती सर्व शास्त्रे एका गोष्टीवर एकमत आहेत: स्त्रीला स्त्री म्हणून, शूद्राला शूद्र म्हणून, मोक्षाचा सरळ मार्ग नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवढ्यानेही गोष्ट संपली नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. नवा धर्मही आपण जुन्यासारखाच, नियम आणि विधी म्हणून पाळत होतो. कृपेचा अर्थ त्यांना पुढे १८९० च्या दशकात उमगला. त्यांच्या धर्मांतरावर लोकमान्यांपासून सर्वांनी टीका केली आणि अजूनही करतात. पण धर्म बदलूनसुद्धा हिशेबाची सवय सुटत नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारे दुसरे कोणी माझ्या तरी वाचनात नाही.

एवढे म्हटल्यावर कृपेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर काम झाले, त्यांच्या कानाला ‘कृपा’ हा शब्द फारसा गोड लागत नाही. मालकाची कृपा म्हणजे काय, ते आमच्या आजोबांना विचारावे. दिली तर दिली, नाही तर नाही. आणि दिल्यावर मान खाली. जिनिव्हाच्या कॅल्विनने कृपेचा विचार शेवटपर्यंत नेला, तेव्हा तो ह्याच ठिकाणी पोचला. देवाने काहींना आधीच निवडले आहे, काहींना नाही, आणि का ते विचारायचे नाही. हा कायद्याबाहेरचा जमीनदार झाला. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या १९५७ च्या ग्रंथात बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे असे जे आग्रहाने मांडले, त्यामागे हा अनुभव असला पाहिजे. कोणाच्या कृपेवर जगायचे नाही, ही प्रतिज्ञा ज्यांना करावी लागली, त्यांना मांजरीच्या पिलाची उपमा सांगणे शोभत नाही. आमच्या दक्षिणद्वाराचीच गोष्ट घ्या. कृष्णेचे पाणी चढते, देवळात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावतात. कोणालाही पात्रता न विचारता आलेली कृपाच ती. पण २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये तेच पाणी आमच्या तालुक्यातल्या घरांत शिरले आणि तेव्हाही त्याने कोणाची पात्रता विचारली नाही. अशा वेळी गुरे सोडून, नावेत म्हाताऱ्यांना बसवून बाहेर काढणारे हातच लागतात.

मग माझे मत काय? माझे मत कृपेच्या बाजूने आहे, पण एका वेगळ्याच कारणासाठी. कृपा आधी मिळाली असे मानणारा माणूस मोजायचे थांबतो आणि न मोजता केलेले काम अधिक चांगले होते, असे मला दिसते. मिरजेचे मिशन हॉस्पिटल घ्या. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी ते सुरू केले. ते प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले. कर्माने तारण मिळत नाही असे छातीठोकपणे शिकवणारा हा पंथ. आणि आमच्या पंचक्रोशीतल्या कित्येक घरांतली माणसे जगली ती त्या पंथाच्या कर्माने! धर्मप्रसाराचा हेतू त्यामागे होता हे उघड आहे, ते कोणी लपवलेही नाही. तरीपण ज्याला स्वतःच्या स्वर्गासाठी एकही शस्त्रक्रिया जमा करायची नाही, त्याचा हात कदाचित अधिक स्थिर राहत असेल. उलट एकशे आठ प्रदक्षिणा मोजणाऱ्याच्या वाटेत एखादी म्हातारी पाय घसरून पडली, तर त्याच्या मनात पहिला विचार कोणता येईल? त्रेसष्टावी होती की चौसष्टावी?

ग्रेसच्या गुणांवरचा माझा रागही ह्याच वाटेने निवळला. मी माझ्या कष्टाने इथवर आले असे म्हणायला मला आवडते आणि कष्ट केले हे खरेही आहे. पण १८४८ मध्ये सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलून शाळा चालवली तेव्हा माझे कष्ट कुठे होते? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यात माझा अर्ज नव्हता. माझ्या जन्माआधीच कोणीतरी तारण ठेवून गेले होते. सवलत घेणाऱ्या मुलामुलींकडे बोट दाखवून ‘ह्यांना फुकट मिळाले’ असे आपल्या वर्गात जे बोलले जाते, ते बोलणाऱ्यांनी आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाची किंमत कधी आपण भरली होती, ते एकदा आठवून पाहावे. मालकाच्या कृपेत आणि ह्या कृपेत फरक आहे तो हा, की इथे देणारा हात पुढे करून आभार मागायला उभा नाही. तो कधीच गेलेला आहे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०० च्या सुमारास दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा मिळून दोन हजारांच्या आसपास बायका राहत होत्या. कर्माने तारण होत नाही असे मानणाऱ्या रमाबाईंनी तिथे शेती, विणकाम, शाळा आणि छापखाना उभा केला, म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलाचे भाषांतर हाती घेतले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ पूर्ण छापून निघाला १९२४ मध्ये. त्याचे खिळे जुळवले ते त्या छापखान्यातल्या बायकांनी. त्यांतल्या बहुतेकींना आधी कोणी पोथीला हात लावू दिला नव्हता आणि पुष्कळशा तर केडगावात आल्यावरच अक्षर ओळखायला शिकल्या होत्या.